अकरा दिवसांची हिरवी टिक

माझ्या बॅकअप सॉफ्टवेअरला पाचपैकी तीन तारे. आधी चार द्यायचं ठरवलं होतं. लॉग, म्हणजे रोज काय केलं त्याची सॉफ्टवेअरनेच ठेवलेली नोंद, वाचल्यावर दोनवर आले. मग मरायला टेकलेल्या डिस्कवरच्या तीन फाइल्स याच सॉफ्टवेअरने परत दिल्या होत्या हे आठवलं आणि एक वाढवला. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या दोषाबद्दल लिहिणार आहे तो एकट्या याच कंपनीचा असेल असं मला वाटत नाही. तुमच्याकडे दुसरं कुठलं असलं तरी हे वाचून एकदा आपलं उघडून बघा.

माझं काम पुस्तकांची पानं लावायचं. चौथं प्रूफ वाचून झाल्यावर लेखक म्हणतात, "पहिल्या प्रुफात होता तो परिच्छेदच बरा होता हो," आणि तो मला काढून द्यावा लागतो. त्यामुळे मला बॅकअप म्हणजे नुसती एक प्रत पुरत नाही, तारखेवार प्रती लागतात. चार वर्षं हे सॉफ्टवेअर ते काम करतंय. रात्री दहाला आपलं आपण चालू होतं, आधी एक पूर्ण प्रत, मग रोज तेवढे बदल, सगळं एका बाहेरच्या १ टीबी डिस्कवर. सकाळी कोपऱ्यात हिरवी टिक दिसते. मी चहाआधी ती बघते, बस. चार वर्षांत याहून जास्त काही बघायची वेळ आली नव्हती, आणि याचेच मी चार तारे देणार होते.

यंदा कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. फाइल उघडताना मधेच दहा-बारा सेकंद सगळं गोठायचं. डिस्कची तब्येत दाखवणारं साधन लावलं तर 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळीत शून्याऐवजी ८ दिसले, आठवड्याने २४. सेक्टर म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, आणि त्यातल्या काहींत स्वतःचंच लिहिलेलं डिस्कला वाचता येईना. हा आकडा वाढता असला की वाट बघण्यात अर्थ नसतो. २ टीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, आणली.

क्लोन करायची, म्हणजे एका डिस्कवरचं जसंच्या तसं दुसरीवर उतरवायची, सोय याच सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ती चांगली आहे, हे आधी सांगते. कुठलं पार्टिशन (सी, डी असे डिस्कचे भाग) केवढं करायचं ते माउसने ओढून ठरवता येतं, सी ड्राइव्ह सुखरूप नव्या डिस्कवर गेला, मशीन पहिल्या फटक्यात त्यावरून सुरू झालं. डी मात्र, म्हणजे जिथे सगळी पुस्तकं आहेत तो, ६३ टक्क्यांवर अडला. वाचता येत नाही म्हणाला आणि थांबला. सेटिंगमध्ये खोलवर 'खराब सेक्टर सोडून पुढे जा' असा पर्याय आहे. तो मी वापरला नाही, आणि कुणी वापरू नये असं माझं मत आहे, निदान दुसरा मार्ग असेतो तरी. सेक्टर सोडून केलेल्या क्लोनमध्ये फाइल दिसायला जशीच्या तशी असते, आकारही तोच, आणि आत मधेच एक पोकळी. कुठल्या फाइलमध्ये, ते कोणी सांगत नाही. सहा महिन्यांनी ती उघडायला जाल तेव्हा कळतं.

म्हणून नव्या डिस्कवर डीसाठी कोरं पार्टिशन केलं, फॉरमॅट केलं, त्याला डी हेच अक्षर दिलं, आणि जुनी डिस्क यूएसबीच्या डॉकमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या खोबणीत) घालून एकेक फाइल कॉपी करायचं ठरवलं. (हे 'कोरं पार्टिशन' लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्याचंच आहे.) जुनी डिस्क जोडली तर दिसेचना. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिच्यापुढे 'ऑफलाइन' लिहिलेलं. क्लोन करताना डिस्कची ओळखसुद्धा जशीच्या तशी उतरते. मग एकाच ओळखीच्या दोन डिस्क समोर आल्या की विंडोज एकीला बाहेर बसवतं. राइट क्लिक करून ऑनलाइन केली की विंडोज तिला नवी ओळख देतं आणि ती दिसायला लागते. तशी ती एफ या अक्षराने आली.

कॉपीसाठी विंडोजमधलीच रोबोकॉपी ही आज्ञा वापरली. रात्री लावून झोपले. सकाळी बघते तर रात्री बाराला जिथे होती तिथेच. एकाच चित्राच्या फाइलवर अडून बसलेली, पुन्हा प्रयत्न, तीस सेकंद थांब, पुन्हा प्रयत्न. मग वाचलं की वेगळं काही सांगितलं नाही तर रोबोकॉपी अडलेल्या एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर दोन प्रयत्नांमध्ये तीस सेकंद थांबून. मी हिशोब केला. ३४७ दिवस होतात. एका फाइलचे. आर (किती वेळा प्रयत्न) आणि डब्ल्यू (मधे किती सेकंद थांबायचं) हे दोन पर्याय १ वर ठेवून पुन्हा लावली, तेव्हा संध्याकाळपर्यंत सगळं आलं आणि शेवटी तीन नावांची यादी मिळाली: दोन चित्रं आणि एक मुखपृष्ठ, हे वाचता आले नाहीत. हेच मला हवं होतं. गेलेल्याचं नाव कळलं की ते शोधता येतं.

ते शोधण्याच्या कामात सॉफ्टवेअरने कमाल केली. जुना बॅकअप एखाद्या ड्राइव्हसारखा उघडता येतो, तारीख निवडायची, फोल्डरमध्ये जायचं, फाइल ओढून घ्यायची. डिस्क बिघडायच्या आधीच्या महिन्यातली तारीख घेतली. तिन्ही फाइल्स पाच मिनिटांत आल्या आणि तिन्ही उघडल्या. त्या संध्याकाळी मी भाच्याला फोन करून या सॉफ्टवेअरचं इतकं कौतुक केलं की तो म्हणाला, "मावशी, तुला कमिशन मिळतं का?"

रात्री दहाला नेहमीसारखा बॅकअप झाला. हिरवी टिक. दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क डॉकमधून काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. रात्री बॅकअप. हिरवी टिक. असं रोज.

मग एका सकाळी मी घोळ घातला. सातव्या प्रकरणात २१२ तळटिपा होत्या. त्यांचे क्रमांक सरळ करायला गेले आणि निम्म्या तळटिपा भलत्याच वाक्यांना जाऊन चिकटल्या. जतनही करून बसले. काही बिघडत नाही, परवाची प्रत घेऊ म्हणून बॅकअप उघडला. तारखांची यादी सरकवली. सी ड्राइव्हपुढे कालची तारीख होती. डीपुढे सगळ्यात वरची तारीख अकरा दिवसांपूर्वीची. मला वाटलं यादी ताजी झाली नसेल. बंद करून पुन्हा उघडलं. तेच.

भाच्याला फोन. तो ऑफिसात होता, दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, हिरवी टिक आहे ना?" आहे. "मग लॉग बघितलास का?" मी चार वर्षांत लॉग उघडला नव्हता. कशाला उघडेन, टिक हिरवी होती.

लॉग शोधायला तीन क्लिक लागतात आणि तो एखाद्या किराणा यादीसारखा लांब येतो. पण त्यात सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं, हे मान्य करते. रोजच्या नोंदीत सीपुढे 'पूर्ण'. डीपुढे: 'स्रोत सापडला नाही, वगळला'. आणि शेवटच्या ओळीत: 'काम यशस्वी'. दोनातलं एक झालं, एक वगळलं, आणि वगळणं म्हणजे अपयश नव्हे असं या सॉफ्टवेअरचं तत्त्वज्ञान. म्हणून टिक हिरवी.

पण डी तर समोर दिसत होता, त्याच अक्षराचा, त्याच फोल्डरांचा. मग सापडत कसा नाही? लॉगमध्ये स्रोताच्या नावाशेजारी एक आठ चिन्हांचा क्रमांक होता, मधे आडवी रेघ असलेला, ज्याचे शेवटचे चार ७२८१. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हॉल' लिहून पुढे डी आणि विसर्गासारखी दोन टिंबं दिली की विंडोज त्या ड्राइव्हचा सिरियल नंबर दाखवतं. माझ्या आत्ताच्या डीचे शेवटचे चार ९०५६. दोन्ही क्रमांक कागदावर एकाखाली एक लिहिले आणि डोक्यात प्रकाश पडला. हा क्रमांक पार्टिशन फॉरमॅट होताना पडतो. सी क्लोन होऊन आला, म्हणून त्याचा जुनाच क्रमांक सोबत आला आणि सॉफ्टवेअरने त्याला ओळखलं. डी मी कोरा केला, त्याला नवा क्रमांक पडला. अक्षर तेच, आतली पुस्तकं तीच, पण सॉफ्टवेअरच्या लेखी हा कुणी अनोळखी.

आणि एक गंमत, जी तेव्हा गंमत वाटली नव्हती. डिस्क बदललेल्या पहिल्या रात्री डीपुढे 'पूर्ण' होतं. का? कारण जुनी डिस्क तेव्हा डॉकमध्येच होती. सॉफ्टवेअरने ७२८१ शोधला, तो एफ या नावाने सापडला, आणि त्याने इमानेइतबारे त्या अखेरच्या घटका मोजणाऱ्या डिस्कचा बॅकअप घेतला. मी काम करत होते शेजारच्या नव्या डिस्कवर. दुसऱ्या दिवशी जुनी काढली आणि त्याचा डी जगातून नाहीसा झाला.

अक्षरावर न जाता क्रमांकावर जाणं चूक नाही, उलट शहाणपणाचं आहे. डीच्या जागी उद्या कुणी पेनड्राइव्ह लावला आणि सॉफ्टवेअर त्यालाच डी समजून बसलं तर काय होईल विचार करा. माझी तक्रार ओळखीच्या पद्धतीबद्दल नाही. ज्या ड्राइव्हसाठी मी हे सॉफ्टवेअर घेतलं तोच अकरा रात्री गायब आहे आणि हे मला हिरवी टिक दाखवतंय, ही तक्रार आहे. एक पिवळं चिन्ह पुरलं असतं. शिवाय दर आठवड्याला हे सॉफ्टवेअर 'पडताळणी'ही करतं, आणि तीही पास होत होती. नंतर लक्षात आलं की पडताळणी म्हणजे बॅकअपची फाइल आतून धड आहे का एवढंच बघणं. त्यात काय आलं नाही, ते तिला कसं कळणार.

सातवं प्रकरण दोन दिवस बसून हाताने दुरुस्त केलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता दुरुस्ती. काम संपादित करायला घेतलं तर स्रोतांच्या यादीत दोन डी: एक राखाडी, त्यापुढे 'उपलब्ध नाही', आणि एक नेहमीच्या रंगाचा, त्यावर टिक नाही. राखाडी काढला, दुसरा निवडला, जतन केलं. रात्री बॅकअप सुरू झाला आणि सकाळी पहिल्यांदाच लाल फुली दिसली. खरं सांगायचं तर बरं वाटलं, निदान बोललं तरी.

कारण साधं होतं. नवा डी म्हणजे नवा स्रोत, त्याची जुन्या साखळीशी (आधीची पूर्ण प्रत आणि तिच्यामागचे रोजचे बदल) नाळ नाही, म्हणून तो पुन्हा पूर्ण प्रतीपासून सुरू झाला. १ टीबीची बाहेरची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. त्यात जुनी साखळी ६४० जीबीची आणि नवी पूर्ण प्रत ४३० च्या आसपास. मावणार कशी? मी मूर्खासारखी वाट बघत होते की जुनं आपोआप पुसलं जाईल, तसा नियम मी लावला होता. पण तो नियम नवी प्रत यशस्वी झाल्यावरच जुनी पुसतो. चिडले, आणि चिडून झाल्यावर पटलं की हेच बरोबर आहे. नवी पुरी व्हायच्या आधी जुनी टाकली आणि मधेच वीज गेली तर हातात काहीच नाही. इथे एक सावधगिरीची गोष्ट: जागा करायला म्हणून फोल्डरमध्ये जाऊन जुन्यातली सगळ्यात मोठी फाइल हाताने पुसू नका. तीच पूर्ण प्रत असते, तिच्या मागच्या सगळ्या रोजच्या फाइल्स तिच्याविना निकामी. मी दुसरी बाहेरची डिस्क घेतली, नवी साखळी तिथे सुरू केली, जुनी तशीच ठेवून दिली.

या सगळ्या धसक्यात मी आणखी एक शहाणपणा केला. आता एकही पार्टिशन सुटायला नको म्हणून 'सी आणि डी' ऐवजी 'पूर्ण डिस्क' निवडलं. पुन्हा लाल फुली: शॅडो कॉपी करता आली नाही, जागा अपुरी. १.८१ टीबी दिसणाऱ्या डिस्कवर निम्म्याहून अधिक रिकामं असताना! मदतकेंद्राला लिहिलं. पहिलं उत्तर, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. दुसरं उत्तर, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. तिसऱ्या खेपेला माझी मेल एका जाणत्या माणसाकडे गेली असावी, कारण त्याने एकच प्रश्न विचारला: रिकव्हरी पार्टिशन केवढं आहे आणि त्यात मोकळं किती?

विंडोजचं एक लपलेलं रिकव्हरी पार्टिशन असतं, एरवी ते कुणी बघत नाही. माझं ५२९ एमबी, मोकळे ८३. उघड्या फाइल्सचा बॅकअप घ्यायला विंडोज त्या क्षणाचं चित्र गोठवतं, त्याला शॅडो कॉपी म्हणतात, आणि त्यासाठी त्या पार्टिशनवर थोडी जागा लागते. पार्टिशन ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर किमान ५० एमबी, मोठं असेल तर किमान ३२०. माझं २९ एमबीने रेघेच्या पलीकडे गेलेलं. ४९० चं असतं तर त्याच ८३ एमबीत काम भागलं असतं. इतकी वर्षं हे कळलं नाही, कारण मी फक्त सी आणि डी निवडत होते. सॉफ्टवेअरच्याच ओढायच्या पट्टीने ते पार्टिशन १ जीबीचं केलं. त्या रात्री हिरवी टिक आली. मी लॉग उघडला. तिथेही सगळ्यांपुढे 'पूर्ण'. मग झोपले.

रेस्क्यू पेनड्राइव्ह, म्हणजे विंडोज सुरूच झालं नाही तर ज्यावरून मशीन चालू करायचं तो, त्याबद्दल थोडक्यात: दोन वर्षांपूर्वीचा होता, त्यावरून मशीन सुरू केलं तर त्याला नवी एसएसडी दिसेचना, कारण तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलायला लागणारा छोटा प्रोग्राम, त्यात नव्हता. सॉफ्टवेअरमधून नवा तयार केला, दिसली. डिस्क बदलली की हा पुन्हा करायचा असतो, आणि हेही हे सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही. ज्यांच्याकडे बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू आहे त्यांनी ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी. माझ्याकडे बंद आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

रिस्टोअर करताना आणखी एक अडखळ सापडली, ती इथे नोंदवते. तपासणी म्हणून एक अख्खं पुस्तक डेस्कटॉपवरच्या 'रिस्टोअर तपासणी' नावाच्या फोल्डरमध्ये उतरवलं, तर १४ फाइल्स आल्या नाहीत. या वेळी मात्र सॉफ्टवेअरने स्पष्ट यादी दिली: मार्ग फार लांब. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता एरवी २६० अक्षरांपर्यंतच चालतो, आणि मी फोल्डरात फोल्डर करून त्यांना वाक्याएवढी नावं देणारी बाई. मूळ जागी बसत होतं, दोन पायऱ्या खोल गेल्यावर बसेना. डीच्या मुळाशीच एका अक्षराचं फोल्डर करून त्यात उतरवलं, १४ च्या १४ आल्या. हा दोष माझा, तारा कापलेला नाही.

तारे कुठे गेले ते सांगते. एक पूर्ण तारा हिरव्या टिकेचा. दुसऱ्यातला अर्धा मदतकेंद्राच्या पहिल्या दोन उत्तरांचा आणि अर्धा त्या लॉगचा, जो तीन क्लिकच्या आड लपवलाय. शोधून शोधून सेटिंगमध्ये 'वगळलेल्या स्रोताला चूक समजा' अशी एक चौकट सापडली, ती आधीपासून बंद असते. चालू केली. मग खात्री करायला एक लहान पेनड्राइव्ह स्रोतांत घातला, एक रात्र बॅकअप होऊ दिला, दुसऱ्या संध्याकाळी काढून घेतला. सकाळी लाल फुली. भाच्याला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

वर्गणी पुढच्या महिन्यात संपते, भरणार आहे. दुसरीकडे जाऊन हीच चौकट पुन्हा कुठे लपलीय ते शोधायची ताकद नाही माझ्यात. दर सोमवारी आता एक फाइल बॅकअपमधून परत आणून उघडते. या सोमवारी सातवं प्रकरण आणलं. २१२ तळटिपा, सगळ्या आपापल्या वाक्याखाली.